आठ फुटांचं टेबल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कालपासून एकेकजण उठून आपापलं काही सांगतोय. कोणी बायपासचं सांगितलं, कोणी द्राक्षबागेचं, कोणी नर्मदा परिक्रमेचं. संयोजकांनी मला फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, ‘चाकूंची प्रदर्शनं.’ पलीकडे जरा वेळ आवाजच नाही. मग हळूच प्रश्न आला, ‘भाजीचे का मारामारीचे?’ संध्याकाळपर्यंत आपल्या ग्रुपवर बातमी पसरली होती की मी अमेरिकेत हत्यारांचा धंदा काढलाय. कोणीतरी हात जोडल्याचं चित्रही टाकलं होतं. तेव्हा आधीच सांगतो, मी आयुष्यभर ओतशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे आणि माझ्याकडे सुमारे तीनशे चाकू आहेत. त्यांतल्या एकानेही कोणाला इजा झालेली नाही. माझी स्वतःची बोटं सोडून.

सुरुवात मात्र इथलीच आहे, याच इमारतीतली. नववीत माझ्याकडे जत्रेतून घेतलेला एक चाकू होता. पितळी मूठ, माशाच्या आकाराची, डोळ्याच्या जागी एक ठिपका. पातं बोटाएवढं. पेन्सिलीला टोक काढायला आणि शाळेमागच्या कैऱ्या कापायला. कैऱ्या कोणी कोणी खाल्ल्या ते इथे सांगत नाही, तिखटमीठ घरून कोण आणायचं तेही सांगत नाही, ती व्यक्ती दुसऱ्या रांगेत बसली आहे. एकदा दप्तर तपासणीत तो सापडला आणि जप्त झाला. वर चार छड्या. छड्यांचं दुःख दोन दिवसांत गेलं, चाकूचं गेलं नाही. पण आपल्या चित्रकलेच्या सरांनी तो कुठूनतरी मिळवला आणि निरोप समारंभाच्या दिवशी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. तोवर मी उंचीने सरांएवढा झालो होतो, पण रडलो. सर तेव्हा एवढंच म्हणाले, ‘धार गेलीय, लावून घे.’

पुढे पुण्याला धातुशास्त्र शिकलो, मग अमेरिका. १९८४ साली टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा या गावी नोकरी लागली. चॅटनूगा म्हणजे ओतकामाचं जुनं गाव, नदीकाठी वसलेलं, भोवती डोंगर. मला ते आवडलं, कारण आपल्या कृष्णेची आठवण यायची. पण बोलायला माणूस नाही. कामावर सगळे चांगले वागायचे, दुपारी पाच वाजता आपापल्या घरी जायचे. दोन वर्षं मी ‘हॅलो’ आणि ‘गुड वीकेंड’ या दोन शब्दांवर काढली म्हणालो तरी चालेल.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी सफरचंद कापत होतो, त्याच मासोळीने. भट्टीवरचा एक म्हातारा कामगार जवळ आला. चाकू मागून घेतला, पातं उघडलं, कानाशी नेऊन मिटलं आणि म्हणाला, ‘हा कुठला? मी असला कधी पाहिला नाही.’ त्या शनिवारी तो मला आपल्या गाडीतून एका चाकूंच्या प्रदर्शनाला घेऊन गेला. गावाबाहेरच्या एका सभागृहात शंभरेक टेबलं मांडली होती.

मी काहीतरी आडदांड माणसं, अंगावर गोंदलेलं वगैरे, अशा कल्पनेने गेलो होतो. बघतो तर आत शेतकरी, निवृत्त पोस्टमन, एक दातांचा डॉक्टर, एक चर्चमधला पाद्री, आणि विणकाम करत बसलेल्या त्यांच्या बायका. प्रत्येकाचं एक आठ फुटी टेबल, त्यावर मखमल किंवा साधी चादर, आणि त्यावर ओळीने चाकू. बरेचसे खिशातले, मिटायचे. आवाज कसला? सगळीकडून टक्, टक्, टक्. पाती उघडण्या-मिटण्याचा. पावसाळ्यात बेडूक ओरडतात तसा तो आवाज त्या सभागृहात दिवसभर चालू असतो.

त्या आवाजालाही त्यांच्यात शब्द आहे. चाकूची ‘चाल’ आणि चाकूचा ‘बोल’. पातं नखाच्या खाचेत धरून उघडताना पाठीची स्प्रिंग किती एकसारखा विरोध करते ती चाल, आणि मिटताना शेवटी जो खणखणीत टक् होतो तो बोल. तबल्याची शाई नीट बसलीय का हे जाणकार एका थापेत सांगतो, तसे हे लोक डोळे मिटून ऐकतात. मात्र दुसऱ्याचा चाकू आपण असा वाजवायचा नाही. मालकाला विनंती करायची, तो वाजवून दाखवतो. कारण पातं जोरात मिटलं तर धार आतल्या पोलादावर आपटू शकते.

चाकू ‘वाचायला’ मी तिथेच शिकलो. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावची केस नावाची जुनी कंपनी आहे. तिच्या चाकूवर, पात्याच्या बुडाशी, बारीक अक्षरांत शिक्का असतो आणि बहुतेकांवर एक आकडा. समजा ६३४७. त्यातला पहिला ६ म्हणजे मुठीला हाड लावलंय, ३ म्हणजे तीन पाती, आणि ४७ हा घडणीचा क्रमांक. १९७० साली त्यांनी शिक्क्याखाली दहा टिंबं द्यायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक टिंब कमी करत गेले. म्हणजे टिंबं मोजा, साल कळतं. आपण एस.एस.सी. झालो त्या १९७५ सालच्या चाकूवर पाच टिंबं. असा एक मी मुद्दाम शोधून घेतला, पहिल्या पगारवाढीनंतर. किंमत फार नव्हती. पण पाच टिंबं दिसली की मला आपला निकालाचा दिवस दिसतो, फळ्यावर लावलेला कागद आणि त्यासमोरची ढकलाढकली.

यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. हे ज्ञान पुस्तकातही मिळतं, पण लोक शंभर मैल गाडी चालवून प्रदर्शनाला येतात. का? कारण चाकू फोटोत कळत नाही. पातं किती वेळा दगडावर घासून झिजलंय, मुठीचं हाड मूळचं का नंतर बसवलेलं, शिक्का खरा का कोणी मागाहून मारलेला, हे हातात घेऊन, तिरप्या उजेडात धरून, कधी नाकाला लावूनच कळतं. खोटे चाकू पुष्कळ असतात. दोन मोडक्या चाकूंचा एक चांगला करणारे कसबी लोक आहेत, आणि त्यांच्या कसबाबद्दल मला गुप्त आदरही आहे. मी सुरुवातीच्या तीन वर्षांत चारदा फसलो. म्हाताऱ्या मंडळींचं म्हणणं, ही फी आहे, भरावीच लागते.

दुसरं कारण रीतिरिवाजाचं. आपल्याकडे पंगतीत जशा न सांगितलेल्या रीती असतात तशा तिथेही आहेत. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बघून झाला की पातं पुसून, मिटवून परत द्यायचा, कारण बोटाच्या घामाचा ठसा साध्या पोलादावर रात्रीत गंजून उमटतो. दुसऱ्याच्या टेबलासमोर उभं राहून आपला सौदा करायचा नाही. दोघांचं बोलणं चालू असेल तर तिसऱ्याने मध्ये किंमत बोलायची नाही. आणि टेबलावर चादर ओढलेली असेल तर ते दुकान बंद, मग खाली लाख रुपयांचा माल का असेना, कोणी ती चादर उचलत नाही. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसेना. रात्रभर शंभर टेबलं नुसत्या चादरींखाली, आणि दाराशी एक पहारेकरी.

या चादरीचीच एक गोष्ट सांगायची आहे. ती मी बायकोखेरीज कोणाला सांगितलेली नाही.

चार-पाच वर्षं बघ्या म्हणून फिरल्यावर मी स्वतःचं टेबल घ्यायला लागलो. टेबलामागे बसणं ही वेगळीच गंमत आहे. बघ्या चालत राहतो, टेबलवाल्याकडे जग चालत येतं. माझ्या शेजारच्या टेबलावर कायम एक निवृत्त रेल्वे कामगार असायचा. सत्तरी ओलांडलेला, बोलणं अगदी कमी. त्याने मला सगळं शिकवलं, तेही न शिकवता. कॉफी आणायला उठला की फक्त म्हणायचा, ‘टेबल बघ.’ त्या टेबलावर त्याची चाळीस वर्षं मांडलेली असायची.

एका प्रदर्शनात दुपारी एक बाई आल्या. साठीच्या. हातात लाकडी सिगारपेटी, तीत नवऱ्याचे सतरा चाकू. तो वारून वर्ष झालं होतं. म्हणाल्या, ‘सगळ्यांचे मिळून काय द्याल?’ मी चाकू एकेक करून पाहिले. सोळा साधे होते. सतरावा केसचा, १९४०च्या आधीच्या शिक्क्याचा, तीन पात्यांचा, हिरवट छटा दिलेल्या हाडाच्या मुठीचा. पाती जवळजवळ न वापरलेली. तो एकटा त्या वेळी चारशे डॉलरच्या घरातला. माझं काळीज धडधडायला लागलं. मी चेहरा सरळ ठेवला आणि म्हणालो, ‘एकशे वीस.’ बाई खूश झाल्या. त्यांना पन्नासचीच अपेक्षा होती. मी चेक लिहून दिला.

मित्रांनो, मी खोटं काहीच बोललो नव्हतो. त्यांनी किंमत विचारली, मी सांगितली, त्यांनी मान्य केली. कायद्याने बघाल तर सगळं चोख. मी तो चाकू हातात घेऊन शेजाऱ्याकडे वळलो, जरा मिरवायला. त्याने सगळं पाहिलं होतं. तो चाकूकडे बघून म्हणाला, ‘चांगला आहे.’ बस्स. अर्ध्या तासाने तो कॉफीला उठला. उठताना त्याने टेबलावर चादर ओढली, चारी कोपरे नीट केले आणि गेला.

‘टेबल बघ’ म्हणाला नाही.

पुढचे दोन दिवस तो दर वेळी चादर ओढूनच गेला. बोलणं तसंच, हसणं तसंच. फक्त चादर. नववीतल्या चार छड्या मला त्या चादरीपेक्षा हलक्या वाटल्या.

मला त्या बाईंचं नावही नीट आठवत नव्हतं. पण तिकडे त्या काळी वटलेले चेक महिनाअखेरीला बँकेतून आपल्याकडे परत यायचे. त्यावर मागे त्यांची सही होती आणि त्यांच्या गावच्या बँकेचा शिक्का. फोनच्या पुस्तकात शोधून मी फोन केला आणि रविवारी दीड तास गाडी चालवून गेलो. काय बोलायचं ते वाटेत तीनदा पाठ केलं. दारात मात्र तोंडातून एवढंच निघालं, ‘बाई, यातला एक चाकू मी तुमच्याकडून फार स्वस्तात घेतला.’ त्यांना वाटलं मी पैसे परत मागायला आलोय! त्या पर्स आणायला आत जायला निघाल्या. मी चाकू काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो बराच वेळ हातात फिरवला. म्हणाल्या, ‘याने ते कधी काही कापायचे नाहीत. नुसते संध्याकाळी बसून उघडायचे आणि मिटायचे. मला तो आवाज सहन व्हायचा नाही.’ आणि मग त्यांनी तो उघडून मिटला. टक्. पुन्हा एकदा. त्यांनी तो ठेवून घेतला. मी बाकीचे चाकू तेवढ्याच पैशांत घेतले असं ठरलं, आणि वर मला पेकन पाय खाऊ घातला.

गोष्ट इथे संपली असती तर पाठ्यपुस्तकात घालता आली असती. पण तीनेक वर्षांनी तोच चाकू मला दुसऱ्या एका प्रदर्शनात एका व्यापाऱ्याच्या टेबलावर दिसला. मुठीच्या टोकाच्या धातूवरचा आडवा ओरखडा मी विसरणं शक्य नव्हतं. किंमत सहाशे. कुठून आला म्हणून विचारलं तर म्हणाला, एक तरुण मुलगा आजीकडचा म्हणून विकून गेला. किती दिले ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खिशात सहाशे नव्हते.

माझ्या रेल्वेवाल्या शेजाऱ्याला मी यातलं काही सांगितलं नाही. कसं कळलं देव जाणे, कदाचित कळलंही नसेल. पण त्यानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या प्रदर्शनात तो उठला, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, ‘टेबल बघ.’

असो. आता जरा हसण्यासारखं सांगतो.

दरवर्षी तेच तेच अमेरिकन चाकू मांडून माझा मलाच कंटाळा आला. अशा प्रदर्शनांत काही टेबलं नुसती दाखवण्यासाठीही असतात, ‘विक्रीसाठी नाही’ अशी पाटी लावून. चांगल्या मांडणीला कधी बक्षीसही देतात. मी इथून आजीचा अडकित्ता नेला होता. मग सुट्टीत येईन तेव्हा जुन्या बाजारातून एकेक गोळा केला. मोराचा, पोपटाचा, घोड्याचा, एक नुसता लोखंडी, कामाचा. पुण्याच्या केळकर संग्रहालयात मी दोन दिवस अडकित्त्यांसमोर उभा राहून वहीत चित्रं काढली. दिनकर केळकर म्हणजे कवी अज्ञातवासी. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी तो सगळा संग्रह उभा केला आणि १९७५ साली सरकारला देऊन टाकला. एका माणसाने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलपं जमवली आणि देऊन टाकली, हे मी तिकडे कितीतरी लोकांना सांगतो. संग्राहक जातीच्या माणसाला ‘देऊन टाकली’ हा शब्द चटकन कळत नाही. परत विचारतात.

तर मी मांडले चौदा अडकित्ते, मध्ये आजीचा पानाचा डबा, आणि एका टोकाला आपली विळी, धारेवर बुचाची पट्टी चढवून. लोकांच्या तर्कांना सुमार नव्हता. एक म्हणाला, सिगार कापायचं यंत्र. दुसरा पशुवैद्य होता, त्याने जो अंदाज केला तो इथे भगिनीवर्गासमोर सांगता येत नाही. मी सुपारी ठेवली होती. ज्याला हवं त्याने कातरून बघावी. खांड करता करता शेतकऱ्यांच्या तगड्या हातांना घाम फुटायचा. मग मी आजीची पद्धत दाखवायचो, बघता बघता पातळ कात्रण पडायचं, आणि ते म्हणायचे, ‘ही तुझी आजी किती उंच होती?’ चार फूट दहा इंच.

पण सगळ्यात जास्त गर्दी खेचली विळीने. त्यांच्या सगळ्या चाकूंत पातं हलतं आणि वस्तू स्थिर. विळीत पातं स्थिर आणि कांदा हलतो. हे लक्षात आल्यावर एक नामांकित चाकू बनवणारा कारागीर माझ्या टेबलासमोर सरळ जमिनीवर बसला आणि म्हणाला, ‘दाखव.’ मी चड्डी-पँट सावरत पाय दुमडून बसलो, पन्नाशीच्या गुडघ्यांनी, आणि बायकोने करून दिलेल्या मेथीच्या जुडीचं काय करायचं ते हवेतल्या हवेत करून दाखवलं. प्रदर्शनात भाजी आणायला बंदी होती! तो कारागीर म्हणाला, ‘दोन्ही हात मोकळे राहतात. आम्हाला कसं सुचलं नाही?’ त्या वर्षी मला शिक्षणोपयोगी मांडणीचं बक्षीस मिळालं. एक लाकडी ढाल आहे, आता तिच्यावर किल्ल्या टांगतो.

बघ्यांतल्याच एकाने मला सांगितलं की सॅम्युएल आयलेनबर्ग नावाचे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले थोर गणिती अडकित्ते जमवायचे, आणि त्यांच्या संग्रहावर एक अख्खा ग्रंथ निघालाय. मी तो मिळवला. जिच्यासाठी आजी मला ‘जा रे, अडकित्ता आण’ म्हणून पिटाळायची ती वस्तू गुळगुळीत कागदावर छापलेली पाहून मला हसूही आलं आणि जरा अपराधीही वाटलं. आजी गेल्यावर घरातले दोन अडकित्ते मोडीत घातले होते, त्यात मीही होतो.

आणखी एक फजिती. भारतीय दिसलो, त्यात धातुशास्त्राचा पदवीधर, म्हणून प्रत्येक प्रदर्शनात कोणी ना कोणी विचारायचं, ‘वुट्झबद्दल सांगा ना.’ वुट्झ म्हणजे आपल्या दक्षिणेतलं जुनं मुशीतलं पोलाद. कन्नडमधल्या ‘उक्कू’वरून तो शब्द आला म्हणतात. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत ते व्हायचं आणि इराणी व्यापारी ते न्यायला यायचे. त्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते, कोरलेली नव्हे, आतूनच आलेली. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पुण्यात चार वर्षं पोलादच शिकलो, पण परीक्षेत हे येत नव्हतं ना! मला ते कळलं फ्लॉरिडातल्या एका नालबंदामुळे. अल्फ्रेड पेंड्रे हा घोड्यांना नाल ठोकणारा माणूस. त्याने आयोवाच्या विद्यापीठातले प्राध्यापक व्हरहोवन यांच्याबरोबर वर्षानुवर्षं प्रयोग करून ते पोलाद पुन्हा घडवलं. धातुकातल्या व्हॅनेडियमसारख्या नाममात्र अशुद्धीमुळे कार्बाइडचे कण ओळीने बसतात आणि ती नक्षी उमटते असं त्यांनी दाखवलं. त्याने घडवलेलं एक पातं मी एका संग्राहकाच्या टेबलावर हातात घेतलं. आपल्या मातीतली विद्या मला टेनेसीतल्या सभागृहात, एका नालबंदाच्या हातून मिळाली. मी घरी येऊन जुनी पुस्तकं काढली आणि पुन्हा अभ्यासाला बसलो. बायको म्हणाली, ‘आता कसली परीक्षा?’

या सगळ्या प्रदर्शनांची पंढरी म्हणजे अटलांटाचा ब्लेड शो. १९८२ साली सुरू झाला, पुढे अटलांटात स्थिरावला, दर जूनमध्ये भरतो. शेकडो टेबलं, जगभरातले कारागीर. जपानचे, ब्राझीलचे, दक्षिण आफ्रिकेचे. आमच्या गावापासून दोन तासांवर, त्यामुळे मी वारी चुकवत नाही. तिथे विकत घेण्याची माझी ऐपत नाही हे मी पहिल्याच वर्षी ओळखलं. मी ऐकायला जातो. लोकांना गोष्टी सांगायच्याच असतात, तुम्ही फक्त विचारायचं असतं. उदाहरणार्थ, फ्लॉरिडातल्या ऑर्लँडोचे बो रँडॉल. १९३०च्या दशकात मिशिगनमध्ये एका तळ्याकाठी सुट्टीवर असताना त्यांनी एक माणूस चाकूने बोटीचा जुना रंग खरवडताना पाहिला, आणि धारेला काही होत नव्हतं. तो चाकू विल्यम स्केगल नावाच्या कारागिराचा होता. तो पाहून रँडॉल स्वतः चाकू बनवायला लागले आणि पुढे त्यांचं नाव साऱ्या अमेरिकेत झालं.

पण मला त्या शोमधली सगळ्यात आवडती जागा म्हणजे एक बंद दार. बिल मोरान नावाच्या लोहाराने १९७३ साली थरांच्या पोलादाचे चाकू पुन्हा लोकांपुढे आणले आणि १९७६ साली लोहारांची एक संस्था उभी राहिली. तिची परीक्षा असते. आधी एकाच पात्याने इंचभर जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा, मग लाकडाची जाड पट्टी दोनदा तोडायची, आणि तरीही त्याच धारेने हातावरचे केस भादरता आले पाहिजेत. शेवटी ते पातं पकडीत धरून काटकोनात वाकवायचं, मोडता कामा नये. एवढं झालं की पाच चाकू घेऊन परीक्षकांसमोर जायचं, तेही अटलांटाच्या शोमध्ये. त्या दाराबाहेर मी मुद्दाम रेंगाळतो. ट्रकवाले, सुतार, एखादी पोरगेली मुलगी, चाळिशीतले बापये, सगळे घशाला कोरड पडलेले, रुमालाने तेच तेच पातं पुसताहेत. तोंडी परीक्षेला आपण व्हरांड्यात जसे उभे असायचो, अगदी तसे. बाहेर आलेल्याचा चेहरा बघूनच कळतं. मी ओळख नसताना कितीकांचे हात हातात घेतलेत.

माझा रेल्वेवाला शेजारी २००४ साली गेला. त्याच्या मुलीने सगळे चाकू क्लबातल्या लोकांनाच आधी दाखवले, आणि किमती ठरवायला मला बोलावलं. मी एकेकाची चिठ्ठी लिहिली, खरी किंमत, पेन्सिलीने. त्या दिवशी स्वतःसाठी काही घेतलं नाही. तिने नंतर पोस्टाने पाठवली ती त्याची चादर. निळी, एका कोपऱ्यात कॉफीचा डाग. आता ती माझ्या टेबलावर असते.

आमच्या मुलांना यात रस नाही. मुलगा म्हणतो, बाबा, घरात तीनशे चाकू आणि एक टोमॅटो नीट कापता येत नाही. खरंच आहे, संग्राहकाच्या घरी वापरातल्या चाकूला धार नसते. पुढे यांचं काय करायचं याचा विचार चालू आहे. अडकित्ते मात्र इकडे परत आणायचे हे नक्की. मेळाव्यानंतर त्याबद्दल आपल्या मुख्याध्यापकांशी बोलायचंय. शाळेच्या काचेच्या कपाटात, करंडकांच्या खालच्या फळीवर जागा आहे, मी काल बघून ठेवलीय. धारदार वस्तू शाळेत नकोत असं कोणी म्हटलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. या शाळेचा तो जुना नियम आहे.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपलीय. एकच काम राहिलं. ती पितळी मासोळी मी मोठ्या बॅगेत घालून, विमानतळावर दोनदा खुलासे करून आणली आहे. माझ्या टेबलावर ती कायम ‘विक्रीसाठी नाही’च्या पाटीशेजारी असते आणि तिची किंमत विचारणारे सगळ्यात जास्त. चित्रकलेचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही सांगितलं होतं तशी धार लावून घेतलीय. पेन्सिलही आणलीय, बिनटोकाची. मी खाली येतो. तुम्ही तेवढं टोक काढून द्या.